खाते ‘डॉर्मंट’ झाले म्हणजे पैसे गेले का?

प्रश्न असा आहे. पहिल्या नोकरीच्या काळात उघडलेल्या पगार खात्यात सुमारे ४१ हजार रुपये शिल्लक आहेत आणि नोव्हेंबर २०२० नंतर त्या खात्याला हात लागलेला नाही. आता पैसे काढायला गेल्यावर शाखेत ‘खाते डॉर्मंट आहे’ एवढेच सांगण्यात आले. त्यातच, २०१९ मध्ये वारलेल्या वडिलांच्या कपाटात दुसऱ्या एका बँकेची मुदत ठेवीची पावती सापडली असून तिची मुदत २०१२ सालीच संपलेली आहे. हे पैसे बुडाले का, दंड किती पडेल आणि दर तिमाहीला व्याजाची नोंद पडत असताना खाते निष्क्रिय कसे ठरते, असे तुम्ही विचारले आहे.

पैसे बुडालेले नाहीत, ना तुमचे ना वडिलांचे. मात्र बँकेच्या काउंटरवर ‘डॉर्मंट’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या अवस्थांसाठी सर्रास वापरला जातो आणि ग्राहकाची निम्मी धावपळ त्या घोटाळ्यातून होते, असे मी शाखेत आणि पुढे तपासणी विभागात काढलेल्या वर्षांत वारंवार पाहिले आहे. दोन वर्षे व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय झालेले खाते, केवायसीची, म्हणजे ग्राहकाची ओळख आणि पत्ता यांच्या पडताळणीची, मुदत उलटल्यामुळे व्यवहार थांबवलेले खाते आणि न्यायालयाच्या किंवा तपास यंत्रणेच्या आदेशाने गोठवलेले खाते या तिन्हींचा परिणाम ग्राहकाला सारखाच दिसतो, म्हणजे पैसे निघत नाहीत. परंतु तिन्हींची कुलपे वेगळी आहेत आणि किल्ल्याही वेगळ्या आहेत. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा की खाते नेमके कोणत्या कारणाने बंद अवस्थेत आहे आणि कोणत्या तारखेपासून. संगणकाच्या पडद्यावर ही माहिती कर्मचाऱ्याला समोरच दिसत असते.

आता निष्क्रियतेची व्याख्या. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ रोजी याविषयी सुधारित सूचना काढल्या आणि त्या १ एप्रिल २०२४ पासून व्यापारी बँकांना तसेच सर्व सहकारी बँकांना लागू झाल्या. दोन वर्षांचा निकष त्याआधीही होता. बचत किंवा चालू खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ ‘ग्राहकाने केलेला’ एकही व्यवहार नसेल तर ते खाते निष्क्रिय समजायचे, असा तो नियम आहे. तुमच्या शंकेचे उत्तर या ‘ग्राहकाने केलेला’ या शब्दांत आहे. बँकेने स्वतःहून टाकलेल्या नोंदी, म्हणजे बचत खात्यावरचे व्याज, एसएमएसचे शुल्क, दंड, करकपात, या मोजल्याच जात नाहीत. तुमच्या खातेउताऱ्यावर पाच वर्षांत वीस-बावीस नोंदी दिसत असतील, पण त्यांतली एकही तुमची नसेल, तर नियमाच्या दृष्टीने ते खाते नोव्हेंबर २०२० पासून निजलेलेच आहे आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते निष्क्रिय झाले.

याच्या उलट, ग्राहक शाखेत फिरकला नाही तरी काही नोंदी त्याच्याच मानल्या जातात. मुदत ठेवीचे व्याज या खात्यात वळते होणे, शेअरचा लाभांश जमा होणे, शासकीय अनुदानाची थेट जमा, आयकराचा परतावा, ग्राहकाने पूर्वी दिलेल्या स्थायी सूचनेनुसार जाणारा हप्ता, हे सगळे ग्राहकाच्या खाती धरले जाते, कारण त्यामागे त्याचा आदेश किंवा त्याचा स्वतःचा व्यवहार असतो. पैशांची देवघेव झालीच पाहिजे असेही नाही. एटीएम, इंटरनेट बँकिंग किंवा मोबाइल ॲपवरून, दुहेरी पडताळणी होऊन, नोंद मागे राहील अशा रीतीने पार पडलेली विनंतीही चालते. उदाहरणार्थ चेकबुक मागवणे, व्यवहाराची मर्यादा बदलणे, नामनिर्देशन करणे, इतकेच काय तर शिल्लक पाहणे. केवायसी अद्ययावत केले तरी ते पुरते. शाखेतल्या यंत्रावर पासबुक भरून आणणे मात्र यात बसत नाही. पासबुकावर ताजा शिक्का दिसला की खाते चालू आहे असे समजणारी कितीतरी ज्येष्ठ मंडळी मी पाहिली आहेत आणि त्यांची समजूत घालणे हे काउंटरवरचे अवघड काम असते.

आणखी एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. हा हिशोब माणसागणिक नसून खात्यागणिक आहे. एकाच बँकेत तुमची दोन खाती असतील आणि एक रोज वापरात असेल, तरी दुसरे स्वतंत्रपणे निष्क्रिय होऊ शकते. दोन खात्यांना ग्राहक क्रमांक एकच असला तरी त्याचा येथे उपयोग नाही.

वर्षभर व्यवहार नसलेल्या खात्यांचा आढावा बँकेने दरवर्षी घ्यायचा असतो आणि ‘वर्षभरात व्यवहार नाही, पुढच्या वर्षभरातही झाला नाही तर खाते निष्क्रिय होईल’ असे पत्राने, ईमेलने किंवा एसएमएसने ग्राहकाला कळवायचे असते. पत्र परत आले तर ग्राहकाचा, तो न सापडल्यास त्याच्या नामनिर्देशित व्यक्तीचा किंवा वारसांचा शोध घ्यायचा असतो. बहुतेक बँका कळवतातही, पण कुठे? नोकरी सोडताना कंपनीने दिलेले सिमकार्ड परत केले, भाड्याचे घर बदलले, कार्यालयाचा ईमेल बंद झाला, आणि बँकेकडे नोंदवलेले तिन्ही पत्ते एकाच महिन्यात निकामी झाले, ही पगार खात्यांची नेहमीची कहाणी आहे. तुमच्याकडेही तसेच झाले असावे असा माझा अंदाज आहे.

दंडाविषयी. खाते निष्क्रिय म्हणून वर्गीकृत झाल्यावर किमान शिल्लक नसल्याबद्दल दंड लावण्यास आणि खाते पुन्हा चालू करण्यासाठी कोणतेही शुल्क घेण्यास रिझर्व्ह बँकेची स्पष्ट मनाई आहे. बचत खात्यावरचे व्याजही, खाते निष्क्रिय असो वा नसो, नियमित जमा झालेच पाहिजे. परंतु निष्क्रिय होण्याआधीच्या दोन वर्षांचे काय? पगार येणे थांबले की बँका पगार खाते साध्या बचत खात्यात रूपांतरित करतात आणि शून्य शिलकीची सवलत संपते. त्या काळात किमान शिलकीखाली रक्कम गेली असेल तर दंड लागू शकतो. मात्र आधी सूचना देऊन, आणि केवळ या दंडापायी बचत खात्याची शिल्लक वजा होणार नाही, या अटीवर. तुमच्या खात्यात ४१ हजार होते, तेव्हा ही अडचण बहुधा आली नसेल. तरीही नोव्हेंबर २०२० पासूनचा संपूर्ण उतारा मागून घ्या आणि निष्क्रियतेच्या तारखेनंतर किमान शिलकीचा दंड कापलेला दिसला तर तो परत मागा. ही मागणी लेखी करावी. तोंडी मागण्या काउंटरवरच विरतात.

खाते चालू करून घेणे आता पूर्वीइतके जिकिरीचे राहिलेले नाही. ज्या शाखेत खाते उघडले तिथेच जावे लागेल, असे तुम्हाला कोणी सांगितले तर ते चूक आहे. त्या बँकेच्या कोणत्याही शाखेत केवायसीची कागदपत्रे आणि अर्ज स्वीकारलाच पाहिजे. बँकेकडे सोय असल्यास व्हिडिओ केवायसीनेही काम होते आणि जून २०२५ पासून बँक प्रतिनिधीमार्फतही, म्हणजे शाखेबाहेर बँकेच्या वतीने सेवा देणाऱ्या व्यक्तीमार्फतही, यासाठी मदत घेता येते. परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत खाते चालू व्हायला हवे. यातला ‘परिपूर्ण’ हा शब्द बँकेला मोकळीक देणारा आहे, म्हणून अर्ज देताना ओळखपत्र, सध्याच्या पत्त्याचा पुरावा, पॅन आणि अलीकडचे छायाचित्र एकदमच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. सहीबाबत विशेष सांगतो: वीस-बावीसाव्या वर्षी केलेली नमुना सही आणि आजची सही जुळत नाही, हे अर्ज परत येण्याचे फार मोठे कारण असते. अशा वेळी जुनी सही आठवून गिरवत बसू नये; नवी नमुना सही नोंदवण्याची विनंती त्याच अर्जात करावी.

खाते चालू झाल्यावर लगेच मोठी रक्कम निघाली नाही तर गोंधळून जाऊ नका. पुन्हा चालू झालेल्या खात्यावर काही काळ व्यवहारांची संख्या आणि रक्कम यांची मर्यादा ठेवण्याची मुभा बँकांना आहे. शिवाय अशा खात्यांतील व्यवहारांवर किमान सहा महिने वरिष्ठ पातळीवरून लक्ष ठेवायचे असते, आणि तेही ग्राहकाला व संबंधित कर्मचाऱ्याला कळू न देता.

कर्मचाऱ्यालाही का कळू द्यायचे नाही, हे सांगायला हवे, कारण निष्क्रिय खात्यांची ही सारी व्यवस्था त्या एका भीतीवर उभी आहे. ज्या खात्याचा मालक वर्षानुवर्षे चौकशी करत नाही, ते खाते चोराला सर्वांत सोयीचे असते, आणि त्या खात्यात किती रक्कम आहे हे बाहेरच्यापेक्षा आतल्या माणसाला अधिक चांगले माहीत असते. हाताने खातेवह्या लिहिण्याच्या काळात अशी खाती वेगळ्या खातेवहीत काढून ती वही दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात ठेवत असत. संगणक आल्यावर त्या वहीची जागा एका खुणेने घेतली. खूण उठवायला एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजुरी द्यायची, अशी रीत पडली. एका तपासणीत माझ्यासमोर आलेले प्रकरण सांगतो. एका वृद्ध ठेवीदाराच्या निजलेल्या खात्याचा मोबाइल क्रमांक बदलला होता, आठवड्याभरात खाते ‘ग्राहकाच्या विनंतीवरून’ चालू झाले होते, नवे डेबिट कार्ड निघाले होते आणि दहाव्या दिवसापासून रोज एटीएमची कमाल रक्कम उचलली जात होती. कागदोपत्री प्रत्येक पायरीवर दोन सह्या होत्या. दुसरी सही करणाऱ्याने कागद न वाचता केली होती, एवढेच. म्हणून खाते चालू करताना अधिकारी दोन प्रश्न जास्त विचारत असेल, तर त्याचा राग मानू नये. तो दारावर उभा आहे तो तुमच्या वतीने, निदान तसे अपेक्षित तरी आहे.

केवायसीचा अडसर मात्र याहून वेगळा आहे. बँकेने जोखमीनुसार ग्राहकांचे गट केलेले असतात आणि जास्त जोखमीच्या ग्राहकाचे दर दोन वर्षांनी, मध्यम जोखमीचे आठ वर्षांनी तर कमी जोखमीचे दहा वर्षांनी केवायसी नव्याने व्हावे लागते. रोज यूपीआयने चहाचे पैसे देणाऱ्याचे खातेही या कारणाने थांबू शकते. त्याला निष्क्रिय म्हणणे चूक आहे. तुमच्या खात्यावर बहुधा दोन्ही खुणा असतील, कारण जुन्या पगार खात्यांची कागदपत्रे पुष्कळदा कंपनीमार्फत एकगठ्ठा गेलेली असतात. एकाच अर्जात दोन्ही कामे होतील, फक्त दोन्ही खुणा उठल्याची खात्री करून घ्या. न्यायालयाने, पोलिसांनी किंवा करखात्याने गोठवलेल्या खात्याबाबत शाखेच्या हाती काहीही नसते. तिथे आदेश देणाऱ्या कार्यालयाकडेच जावे लागते.

आता वडिलांची ठेव. येथे दहा वर्षांचा नियम येतो. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ मध्ये कलम २६क घालण्यात आले आणि त्यानुसार २०१४ साली रिझर्व्ह बँकेने ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधी स्थापन केला. ज्या खात्यात दहा वर्षे व्यवहार नाही, किंवा जी रक्कम दहा वर्षे कोणी मागितलेली नाही, ती बँकेने या निधीत भरायची असते. मुदत ठेवीसाठी ही दहा वर्षे मुदत संपल्यापासून मोजली जातात, म्हणजे तुमच्या वडिलांची ठेव, तिचे आपोआप नूतनीकरण होत नसेल तर, २०२२ मध्ये निधीकडे गेली असणार. पावती दाखवल्यावर शाखेत ‘ही रक्कम आता आमच्याकडे नाही, रिझर्व्ह बँकेकडे गेली’ असे उत्तर मिळण्याचा संभव आहे. वाक्य खरे आहे, पण उत्तर अपुरे आहे. रक्कम निधीत गेली तरी दाव्याचा हक्क संपत नाही, त्याला कालमर्यादा नाही, आणि दावा रिझर्व्ह बँकेकडे नव्हे तर त्याच बँकेकडे करायचा असतो. बँकेने आधी तुम्हाला पैसे द्यायचे आणि नंतर ते निधीकडून स्वतः वसूल करायचे, असा क्रम आहे. तुम्ही मुंबईला रिझर्व्ह बँकेच्या दारात जाण्याचे कारण नाही.

व्याजाविषयी मोठ्या अपेक्षा ठेवू नका. १९-२० वर्षांपूर्वी नऊ टक्क्यांनी ठेवलेली रक्कम आजवर त्याच दराने वाढत आली असेल, असे हिशोब मांडून लोक येतात आणि निराश होतात. मुदत संपल्यावर न उचललेल्या ठेवीवर पूर्वी बचत खात्याचा दर मिळत असे. २ जुलै २०२१ पासून बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ करारातला दर, यांपैकी जो कमी असेल तो मिळतो. रक्कम निधीत गेल्यावरचा दर रिझर्व्ह बँक ठरवते. तो सुरुवातीला ४ टक्के होता, १ जुलै २०१८ पासून ३.५ टक्के झाला आणि ११ मे २०२१ पासून ३ टक्के आहे. पावतीवर ‘आपोआप नूतनीकरण’ असे काही लिहिलेले आहे का ते आधी पाहा, कारण तसे असेल तर ग्राहकाची सूचना चालू मानली जाते आणि सगळाच हिशोब बदलतो.

दावा करण्यापूर्वी घरबसल्या एक काम करा. रिझर्व्ह बँकेने १७ ऑगस्ट २०२३ रोजी ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर नाव आणि पॅन, जन्मतारीख यांसारखा एखादा तपशील देऊन अनेक बँकांतील दावा न केलेल्या ठेवी एकत्र शोधता येतात. मार्च २०२४ पर्यंत ३० बँका त्यात आल्या होत्या आणि अशा ठेवींच्या एकूण रकमेपैकी सुमारे ९० टक्के हिस्सा त्यांच्याकडे होता. तुमच्या पावतीवरची बँक त्यात नसेल तर तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची यादी पाहा. ती प्रत्येक बँकेने ठेवायचीच असते. वडिलांचे नाव दोन-तीन प्रकारे लिहून शोधा. आपल्याकडे आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव पूर्ण की आद्याक्षराने, याचा जुन्या खातेवह्यांत काही मेळ नसे. शोधताना तुम्हाला माहीत नसलेले एखादे दुसरे खातेही सापडू शकते. प्रत्येक नोंदीला एक संदर्भ क्रमांक असतो, तो टिपून घ्या. शाखेत तो सांगितला की शोधाशोध वाचते. या शोधासाठी कोणालाही पैसे देऊ नका, ओटीपी तर नाहीच नाही. ‘तुमच्या वडिलांची ठेव सापडली आहे, दहा टक्के द्या’ असे फोन करणारे या क्षेत्रात बरेच झाले आहेत.

ठेवीला नामनिर्देशन असेल तर दाव्याचा अर्ज, मृत्यू दाखला आणि नामनिर्देशित व्यक्तीचे ओळखपत्र इतक्यावर रक्कम मिळायला हवी. नामनिर्देशित व्यक्ती ती रक्कम सर्व वारसांच्या वतीने स्वीकारते, एकटी मालक होत नाही, हे घरात आधीच बोलून घेतलेले बरे. नामनिर्देशन नसेल तर शाखेतून पटकन ‘कोर्टातून वारस दाखला आणा’ असे सांगितले जाते. मृत ग्राहकांच्या दाव्यांबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार व्यापारी बँकांत १५ लाख आणि सहकारी बँकांत ५ लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांना, वारसांत वाद नसेल तर, तो दाखला मागायचा नाही. त्याऐवजी मुख्यतः क्षतिपूर्तीचे बंधपत्र, म्हणजे पुढे बँकेचे नुकसान झाल्यास ते भरून देण्याची लेखी हमी, आणि इतर वारसांचे ना-हरकत पत्र द्यायचे असते. सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे आणि बँकेमुळे उशीर झाला तर भरपाई द्यायची आहे. ना-हरकत पत्रासाठी भावंडांच्या सह्या एकाच बैठकीत घ्या. एक बहीण परगावी राहिली म्हणून वर्षभर अडकलेले दावे मी पाहिले आहेत.

हे सगळे नियम बँकांना लागू आहेत. पतसंस्थांवर सहकार खात्याचे नियंत्रण असते, तेव्हा पावती पतसंस्थेची असेल तर तिच्या उपविधींकडे पाहावे लागेल. टपाल कार्यालयाच्या बचत खात्याचाही निकष निराळा आहे. तिथे तीन पूर्ण आर्थिक वर्षे जमा किंवा काढणे झाले नाही की खाते ‘मूक’ ठरते.

शाखेने अर्ज घेतला नाही किंवा तीन दिवसांच्या जागी तीन आठवडे लावले, तर आधी त्याच बँकेच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि १४४४८ या क्रमांकावर माहितीही मिळते. तक्रारीसोबत अर्जाची तारखेची पोच जोडा. ती नसल्यास पहिला महिना पत्रव्यवहारातच जातो.

तुमचे पगार खाते पुन्हा वापरायचे नसेल, तर ते चालू झाल्यावर रक्कम दुसऱ्या खात्यात वळवून हे खाते बंदच करा; मात्र त्याआधी त्या खात्याशी जोडलेला भविष्य निर्वाह निधी, आयकर परतावा आणि विम्याची नोंद बदलून घ्या. ठेवायचे असेल तर ॲपवरून वर्षातून एकदा शंभर रुपये इकडून तिकडे केले तरी भागते.